तिसरा हौद

४ फेब्रुवारी

वन्संबाई,

फोन सोडून ही बाई पत्र कसलं लिहितेय, असं तुला वाटेल. तर ऐक. इथे आमच्या दोन खोल्यांत कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून बोललं तरी तुझ्या दादाला ऐकू जातं, आणि तिकडे बाबा फोन आला रे आला की स्पीकर लावून तो मांडीवर घेऊन बसतात. मला जे बोलायचंय ते या दोघांसाठी नाही. शाळेत बाकाखालून चिठ्ठ्या सरकवायचो तसंच समज. तेव्हा फक्त हे ठाऊक नव्हतं की चिठ्ठीवालीच पुढे नणंद होऊन माझ्या राशीला येणार आहे.

आधी घर सांगते. क्वार्टर कचरा डेपोच्या मागच्या कुंपणाला लागून आहे. दार उघडलं की समोर टेकडी. ही टेकडी देवानं केलेली नाही, शहरानं केलेली आहे, वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या कचऱ्याची. तिच्यात पावसाचं पाणी मुरतं आणि आतलं सगळं कुजकं-नासकं घेऊन तळातून काळंकुट्ट होऊन बाहेर येतं. ऑफिसात त्याला लीचेट म्हणतात. तुझा दादा काढा म्हणतो. अख्ख्या शहराचा एकत्र उकळलेला काढा. वासाचं विचारू नकोस, आता मला तो येईनासा झालाय आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

तुझ्या दादाचं काम असं. क्वार्टरच्या बाजूला सिमेंटचे चार हौद एका रांगेत बांधलेत आणि त्यांत काढा सोडलाय. पहिल्यात नुसताच काढा, बाकीच्यांशी ताडून बघायला. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात जलपर्णी, चौथ्यात पाणकणीस. ही झाडं मुळांनी पाण्यातली घाण ओढून घेतात म्हणे. एखाद्या हौदातलं पाणी तपासणीत चांगलं निघालं की तुझा दादा सही करणार, मोठे साहेब पुढे पाठवणार, आणि मग सगळा काढा अशा हौदांतून काढून मागच्या नाल्यात सोडणार. आणि सही झाली की याची बदली तुमच्या गावच्या ऑफिसात, असं साहेबांनी तोंडभरून कबूल केलंय. म्हणजे आमचं घरी येणं आता जलपर्णीच्या हातात आहे.

आणि जलपर्णी मरतेय. एरवी ही वनस्पती तळीच्या तळी गिळून टाकते, लोक तिला उपटून थकतात, आणि इथे पानं कडेनं करपून लोळायला लागलीत. तुझा दादा सकाळी टेकडीच्या पंपावर जातो, परत येतो, हौदाच्या काठावर बसतो आणि पुटपुटतो. काय पुटपुटतो ते कळत नाही. विचारलं तर म्हणतो, काही नाही.

मी माझं शिवणाचं मशीन मागच्या भिंतीशी मांडलंय. खालच्या वस्तीतली एक बाई उशा भरते, तिच्यासाठी अभ्रे शिवते. उशीवालीच म्हणतात तिला सगळे. पण भिंतीला ओल यायला लागली आणि गठ्ठ्याला बुरशी धरली. बघते तर वरच्या टाकीतला, टाकी भरली की पाणी अडवणारा बॉल मोडलेला. पहाटे नळ आला की टाकी भरून दोन-दोन तास वाहते आणि सगळं पाणी भिंतीवरून खाली. बॉल इथल्या दुकानात मिळत नाही. शेवटी मीच त्या वाहत्या तोंडाला पाइप जोडला आणि कुंपणाखालून पलीकडे सोडला. पलीकडे तिसरा हौदच आहे. म्हटलं फुकट चाललंय तर सुकल्या झाडांना तरी मिळू दे घोटभर. तुझ्या दादाला सांगितलं नाही, टाकीवर चढले म्हणून ओरडला असता.

तिकडून एक बॉल पाठवशील का? बाबा कसे आहेत?

तुझी वहिनी (आधीची बाकावरची)

---

१५ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

तुझं पत्र दुकानात वाचलं, काउंटरखाली धरून. एक गिऱ्हाईक खोकत उभं होतं आणि मी हसत होते. मालकांनी बघितलं. औषधाच्या दुकानातलं हसणं गिऱ्हाइकाला आजारापेक्षा जास्त लागतं, असं ते म्हणाले.

बाबा ठीक आहेत असं फोनवर म्हणते ते स्पीकरसाठी. इथे खरं लिहिते. मागच्या आठवड्यात ते न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण आता भिंत धरल्याशिवाय चालत नाहीत. मी दुकानात गेले की शेजारच्या आजी येऊन बसतात, आणि त्या स्वतःच ऐंशीच्या आहेत. कोण कोणाला सांभाळतंय कळत नाही. रोज संध्याकाळी चपला काढायच्या आत पहिला प्रश्न, तो कधी येतोय? मी दिवसभर काय केलं हे गेल्या वर्षभरात त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. तक्रार करत नाही. म्हणजे करतेच आहे, तुझ्याकडे.

दादाच्या पुटपुटण्याचं मात्र मला काही ठीक वाटत नाही. काठावर बसून कोणाशी बोलतो तो? तिथे कोणी आणखी काम करतं का? लॅबमध्ये, पंपावर, कोणी बाई? तू भोळी आहेस म्हणून विचारते. लहानपणी याचं प्रेम असंच होतं, नुसता भिंतीकडे बघत बसायचा आणि आम्हाला वाटायचं पोट दुखतंय.

बॉल आणलाय. पुढच्या पार्सलातून पाठवते.

तुझी वन्सं

---

६ मार्च

वन्संबाई,

बाई आहे. चार आहेत. चारही सिमेंटच्या आहेत आणि तुझ्या दादाचं मन तिसरीवर जडलंय.

थट्टा राहू दे, इथे आक्रीत घडलंय. तिसरा हौद निवळला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्यात वाकून बघितलं तर डांबर, तिसऱ्यात बघितलं तर आधी कोऱ्या चहासारखं आणि आता तर तळाचं सिमेंट दिसतं. जलपर्णीची पानं टवटवीत, जांभळी फुलंसुद्धा आली. दुसऱ्यातली तीच जलपर्णी, त्याच तळ्यातून त्याच दिवशी आणलेली, मेल्यात जमा. काढा तोच, तेवढाच, एकाच नळीतून दोघांना थेंब थेंब. सख्खी जुळी भावंडं, एक पहिल्या नंबरानं पास आणि एक नापास.

पहिले दोन दिवस तुझा दादा खुशीत होता. मग त्याला झोप येईना. का निवळला, हे त्याला कळत नाही. त्यानं काय केलं माहितेय? दुसऱ्यातली करपलेली झाडं उचलून तिसऱ्यात टाकली आणि तिसऱ्यातली गुटगुटीत दुसऱ्यात. आठवडाभरात करपलेली उठून बसली आणि गुटगुटीत होती ती लोळली. म्हणजे गुण झाडांचा नाही, हौदाचा. मग त्याला वाटलं सिमेंटमध्ये काहीतरी असेल. कानस घेऊन हौदाच्या भिंती खरवडल्या, पुड्या बांधून तपासायला पाठवल्या. सिमेंटसारखं सिमेंट निघालं. मग सावली मोजली. आता म्हणतो, तुझ्या मशीनचा आवाज तिसऱ्याला सगळ्यांत जवळ आहे, दोन दिवस शिवू नकोस. मी दोन दिवस शिवलं नाही. हौद निवळलेलाच राहिला, माझे अभ्रे तेवढे मागे पडले.

हा माणूस मूर्ख नाही, तुला माहीत आहे. पाणीखात्यात यानं किती गावांचे नळ लावले. पण आता मला याच्याकडे बघून कसंसंच होतं. चांगलं झालंय आणि हा दुःखी आहे. मेलेली जलपर्णी कुठे टाकता, असं मी सहज विचारलं, तर म्हणाला टेकडीवरच. म्हटलं, मग तिनं ओढून घेतलेली घाण परत तिथेच गेली की. तर कपाळाला हात लावून बसला. मला वाटलं मी काही चुकीचं बोलले.

साहेब मात्र हवेत आहेत. लॉटरी लागल्यासारखे फोन करतायत सगळीकडे. सही महिनाअखेरीनंतर कधीही, म्हणाले. फक्त अहवालात एक रकाना आहे, पाणी कशामुळे शुद्ध झाले. तुझा दादा तिथे अडलाय. साहेब म्हणतात, लिही जलपर्णीमुळे. हा म्हणतो, मग दुसऱ्यात कोण आहे?

उशीवालीला कुठून तरी कळलं. नाला वाहायला लागणार, म्हणाली. त्यांच्या वस्तीत तो नाला म्हणजे आता नुसता चिखल आहे, पण हातपंप त्याच्याच काठाला आहे. तिनं मला विचारलं की ते पाणी कसं असेल. मी म्हटलं, तळ दिसतो इतकं स्वच्छ.

माझी भिंत खडखडीत वाळली बरं का. पाइप छान चाललाय, पहाटे पाणी येतं तेव्हा तुझा दादा पंपावर असतो आणि त्याच्या तोंडावर आता पानं इतकी वाढलीत की दिसतही नाही. बॉल अजून आला नाही?

तुझी वहिनी

---

१७ मार्च

वहिनीसाहेब,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा काउंटरखाली आणि एकदा घरी.

दादाला सांग की इतका विचार करायचा नसतो. मी औषधाच्या दुकानात उभी राहून एवढं शिकले, की बरा झालेला माणूस आपण का बरे झालो हे विचारायला परत येत नाही. जे येतात ते बरे न झालेलेच. हौद निवळला ना? झालं तर. रकान्यात जलपर्णी लिहावी आणि सही करावी. साहेब एवढे शिकलेले, ते म्हणतात तर असेलच.

बॉल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पण मला वाटतं आत्ता तो बसवायची घाई नको. उन्हाळा तोंडावर आलाय, दादाला टाकीवर चढवू नकोस आणि तूही चढू नकोस. भिंत वाळली म्हणतेस ना, मग पाइप आहे तसा राहू दे. चाललेली गोष्ट कशाला हलवायची? पाइपचं दादाला सांगू नकोस हे बरंच केलंस. त्याच्या डोक्याला आधीच कमी ताप आहे का.

बाबा तुमच्या येण्याच्या तयारीला लागलेत. दादाची खोली झाडून घ्यायला लावली मला. रोज एकदा तिथपर्यंत भिंत धरून जातात, खिडकी उघडतात, लावतात आणि परत येतात. तुम्ही दोघं एकदा येऊन जा ना, चार दिवस तरी.

तुझी वन्सं

---

९ एप्रिल

वन्संबाई,

सुखरूप पोचलो. पत्र या एका ओळीवर संपवता आलं असतं तर बरं झालं असतं.

तिकडे तुझ्याशी नीट बोलणंच झालं नाही. बाबा तुझ्या दादाचा हात सोडायला तयार नव्हते, आणि तू स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हतीस. मी दोनदा बॉलचं विचारलं, दोन्ही वेळा तू विषय बदललास. तेव्हा मला वाटलं दमली असेल. तू खरंच किती वाळलीस गं.

येऊन बघतो तर तिसरा हौद मेलेला. पानं काळी, पाणी काळं, फुलांचा पत्ता नाही. तुझ्या दादानं पिशवी वाटेतच टाकली आणि काठावर जाऊन बसला. रात्री जेवला नाही. म्हणाला, मी नव्हतो म्हणून. आता सांग, इंजिनीअर माणूस, आणि हौद आपल्या विरहात झुरला असं याला मनापासून वाटलं. मला हसू यायला हवं होतं, पण मलाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. निघताना मी टाकीचा कॉक बंद करून गेले होते, कुलूप लावताना गॅस बंद करतो तसा. तो उघडला, टाकी भरली, आणि मी मागे कपडे वाळत घालायला गेले. हौदात त्या मेलेल्या पानांखालून पाणी येत होतं. पाइपच्या तोंडाशी काळ्या पाण्यात ताटाएवढा एक निवळ गोल. मी बघत उभी राहिले. गोल मोठा होत गेला. हौदाच्या वरच्या भोकातून जास्तीचं काळं पाणी शेजारच्या खड्ड्यात सांडत होतं, म्हणून हौदाची पातळी कधी वाढली नाही आणि कुणाला संशय आला नाही. माझ्या हातातला टॉवेल खाली पडला.

घोटभर म्हणाले होते मी. रोज दोन तास, आणि घोटभर.

मग घरात आले आणि तुझी पत्रं काढली. बॉल बसवायची घाई नको. पाइप आहे तसा राहू दे. दादाला सांगू नकोस हे बरंच केलंस. वन्सं, तुला माझ्या टाकीच्या बॉलशी काय करायचं होतं? तू सिरपात पाणी घालून पातळ करून देणारी बाई, तुला तेव्हाच कळलं होतं. मी दीड महिना माझ्या नवऱ्याला सिमेंट खरवडताना बघत होते आणि तू ड्रॉवर बंद करून बसलीस. मला इतका राग आलाय की अक्षर बघ कसं येतंय.

आणि आता सगळं माझ्या अंगावर आलंय. पाइप चालू ठेवला तर दहा-बारा दिवसांत हौद पुन्हा निवळेल, सत्तावीसला साहेब येणार, सही होणार, आम्ही घरी. सांगितलं तर याचं हसं होईल. इंजिनीअरसाहेबाच्या बायकोनं हौदात टाकी सोडली, असं पंपावरची माणसं पिढ्यान् पिढ्या सांगतील. नाही सांगितलं तर नाल्यात काढा जाईल, त्याला कुठून लावू मी पाइप? उशीवाली काल आली होती. नाल्याकाठी एक धोंडा निवडून ठेवलाय म्हणाली, अभ्रे धुवायला. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

आज पाइप चालू होता. मी बंद केला नाही. उद्याचं माहीत नाही. तूच सांग काय करू, तुलाच विचारते आणि तुझ्यावरच चिडलेय.

वहिनी

---

१६ एप्रिल

वहिनी,

मला कळलं होतं का? खरं सांगू, कळलं होतं आणि नव्हतंही. तुझं पत्र वाचताना पाइपाशी आले आणि थांबले, का थांबले हे मी स्वतःला विचारलंच नाही. बॉल पार्सलात घातला होता, तो बाहेर काढला. हात आपला आपण काम करत होता आणि मी दुसरीकडे बघत होते. याला कळणं म्हणायचं का, तू ठरव.

दुकानात घट्ट सिरप पाणी घालून पातळ करते हे खरं. पण त्यानं औषध खोटं होत नाही. म्हणून मी मनाशी म्हणत राहिले, झाडांनीही काही केलंच असेल की. नुसत्या पाण्यानं फुलं येतात का? मला अजूनही वाटतं झाडांनी काहीतरी केलं. तुला नाही वाटत? मग दुसऱ्या वेळी वाटतं की मला तसं वाटून हवंय म्हणून वाटतंय.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी बाबांनी टेबलावर दादाचा कप काढून ठेवला. मी उचलला. त्यांनी परत ठेवला. मग मी त्यांच्यावर ओरडले, वहिनी. म्हाताऱ्या माणसावर, एका कपासाठी. ते उठले. भिंत धरून त्या खोलीत गेले आणि खिडकी उघडून उभे राहिले. मी स्वयंपाकघरात बसून रडले, आणि शेजारच्या आजी आल्या तर कांदा चिरत होते असं सांगितलं. कांदा नव्हताच घरात.

तू काय करू विचारलंस. मी सांगायच्या लायकीची नाही, पण विचारलंस म्हणून सांगते. मला दादा हवाय. ते पाणी मला इथून दिसत नाही, तुझी उशीवाली दिसत नाही, मला बाबा दिसतात. त्यामुळे माझं ऐकू नकोस.

आणि असंही वाटतं की ऐकावंस.

तुझी वन्सं

---

२ मे

चि. धाकटीस,

मी पत्र लिहायला बसलोय हे बघून तुझ्या वहिनीनं तीनदा आत डोकावलं. शेवटचं पत्र मी हॉस्टेलातून बाबांना लिहिलं होतं, त्यात फक्त स्वेटर मागितला होता. तेव्हा सांभाळून घे.

सही झाली नाही. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

सत्तावीस तारखेला सकाळी साहेब यायच्या आधी मी मागे गेलो. हौद पुन्हा निवळला होता. मी वीस दिवसांत तो मेलेला पाहिला आणि जिवंत झालेला पाहिला आणि दोन्हीचं कारण मला ठाऊक नव्हतं. माझी अवस्था काय झाली होती हे तुला वहिनीनं लिहिलंच असेल. मी मशीनचा आवाज मोजला होता, आणखी काय सांगू.

तुझी वहिनी हौदाच्या काठावर बसली होती. हातात पाइप. त्यातून पाणी चाललेलं, अर्धं हौदात, अर्धं तिच्या पायावर. पाइप आत धरायची, बाहेर काढायची, परत आत. मला बघून उठली नाही. म्हणाली, "हा आत टाकू की बाहेर?"

मी पाइप बघितला. कुंपण बघितलं. वर टाकी बघितली. इंजिनीअरला एवढं पुरतं. तिनं पुढे काही सांगायची गरजच नव्हती, पण तिनं सगळं सांगितलं, भिंतीची ओल, बुरशी, बॉल, माझ्या ओरडण्याची भीती. तुझंही सांगितलं. मी खाली बसलो. आधी खूप राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं आणि नुसतं हलकं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी समजलं होतं. तिला वाटलं मला चक्कर आली, म्हणून तिनं त्याच पाइपानं माझ्या तोंडावर पाणी मारलं.

साहेब आले तेव्हा मी ओलाच होतो. रकान्यात मी लिहिलं, पत्नीने घरच्या टाकीतील स्वच्छ पाणी दररोज सोडल्यामुळे. साहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. म्हणाले, हे मी पुढे पाठवायचं? मी म्हटलं, नाल्याला लावायला तेवढा पाइप असेल तर सहीही करतो. ते हौदाशी जाऊन वाकले. निवळ पाणी, जांभळी फुलं. त्यांनाही ते खरं हवं होतं, त्यांचा मला राग नाही. बदलीचं ते काही बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. काम आणखी वर्षभर चालू ठेवा, एवढं म्हणून गेले. पंपावरची माणसं हसतायत, ते हसू दे. वहिनी उशीवालीकडे जाऊन आली आणि धोंड्यावर अजून काही धुवू नकोस म्हणाली. ती रागावली. अभ्रे मात्र नेले.

आता माझ्या डोक्यात काय चाललंय ते सांगतो. घट्ट काढ्यात झाडं जळतात. पातळ केला तर जगतात, आणि जगली की बहुतेक काम करतात. बहुतेक. तिसऱ्या हौदात किती पाण्यानं केलं आणि किती झाडांनी, हे मला माहीत नाही. तू वहिनीला लिहिलंस ना, नुसत्या पाण्यानं फुलं येतात का, ते मला तिनं वाचून दाखवलं. चांगला प्रश्न आहे, माझ्या साहेबांनी विचारला नाही. ते शोधायचं तर पाणी मापून घालायला हवं, पहाटे मनाला येईल तेवढं वाहून चालणार नाही. आणि मेलेली झाडं टेकडीवर टाकायची की कुठे, तोही गोंधळ तसाच आहे.

तुझ्यावर चिडायचं ठरवून बसलो होतो. पण मग बाबांच्या त्या कपाचं वाचलं. तू एकटी तिथे काय ओढतेयस हे मी बघितलं नाही. चार दिवस आलो तेव्हाही बाबांचा हात धरून बसलो आणि तू स्वयंपाकघरात होतीस, एवढंच मला आठवतं. दोन हौद शेजारी असून एक का करपतोय हे मी सगळीकडे शोधलं, आणि तुझ्याकडे बघितलंच नाही.

मी तिकडे येऊ शकत नाही. म्हणून तुम्ही इकडे या. बाबांना वासाचं आधी सांग, पण फार सांगू नकोस. पुढची खोली त्यांची, खिडकी हौदांकडे उघडते. दिवसभर उघडत-लावत बसू देत. तुझ्यासाठी इथल्या बाजारातल्या औषधाच्या दुकानात मी बोललोय, त्यांना काउंटरवर माणूस हवंच आहे. कप वहिनीनं चार काढून ठेवलेत.

आणि येताना तुझ्या ड्रॉवरमधला तो बॉल घेऊन ये. इथे मिळत नाही.

तुझा,
दादा